खेळांचे घरगुती कोठार

समजा, ५० गिगाबाइटचा एक खेळ घरातल्या तीन संगणकांवर हवा आहे. सेकंदाला ४० मेगाबिट वेगाच्या इंटरनेटवरून प्रत्येक प्रतीला सुमारे पावणेतीन तास लागतील. (८ बिटांचा १ बाइट, गणित करून पाहा!) तोच खेळ एखाद्या जुन्या संगणकावर, म्हणजे घरच्या सर्व्हरवर, साठवून १००० मेगाबिटच्या केबलने घेतला तर जेमतेम सात मिनिटे. जुनी हार्ड डिस्क थोडा वेळ खाईल, इतकेच.

पावसाळ्यात इंटरनेट तुटले तरी वीज असेपर्यंत हे कोठार चालते. महाड-पोलादपूरच्या शाळांनीही ते करावे, असे माझे मत आहे. विकतच्या खेळांच्या प्रती मात्र वाटू नयेत. ‘सुपरटक्सकार्ट’सारखे मुक्त खेळ खुशाल वाटावेत. आणि सर्व्हर माडीवर ठेवावा. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले होते.