पुराव्यासाठीसुद्धा फोटो पुढे पाठवू नका



तरुण संघाच्या शिबिरात मोबाइलचा विषय निघाला की बोलणे ‘वेळ वाया जातो’ इथेच थांबते. उघडे फोटो मागणे, पाठवणे, फिरवणे यावर मोठ्यांच्या माना खाली जातात. कायदा मात्र लाजत नाही. तो मंडळीला ठाऊक असलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

२०१२च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. १७ वर्षांच्या मुलीने फोटो आपणहून पाठवला, तरी घेणाऱ्याला तिच्या संमतीची ढाल मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब प्रमाणे मुलांचे असे चित्र तयार करणे, डाउनलोड करणे, पुढे पाठवणे हे सारे गुन्हेच. पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पाठवणारा स्वतः अल्पवयीन असला, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

आणि होते काय? फोटो फिरू लागला की एखादी मावशी तो ‘पुरावा’ म्हणून पाळकसाहेबांना पाठवते, तिथून तो वडीलजनांकडे जातो. हेतू चांगला, पण पोरीचे चित्र आणखी चार फोनांत गेले. तो पाठवू नये. कोणाकडून, केव्हा, कोणत्या नंबरवरून आला एवढे लिहून घ्यावे आणि पोलिसांकडे जावे.

‘आपसात मिटवू’ हेही चालत नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा ठाऊक असलेल्याने तो कळवलाच पाहिजे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पाळकांना त्यातून वेगळी सूट दिलेली नाही.

सज्ञान मुलींसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. फोटो काढू दिला, पण इतरांना दाखवायला संमती दिली नव्हती, तर गुन्हेगार तो पसरवणारा. हे मुलींना माहीत नसते, म्हणून धमकावणाऱ्याचे फावते. योहानाच्या ८व्या अध्यायात बाईला ओढून आणले, पुरुषाला कोणी आणले नाही. आपल्याकडेही पहिला प्रश्न असतो, ‘तिने काढलाच कशाला?’

चर्चच्या फळ्यावर, लग्नाच्या जाहिरनाम्यांशेजारी, चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर लावावा अशी विनंती आम्ही कमिटीला केली आहे. काहींना फळ्यावर असला विषय नको वाटतो. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यावर बोलणे आहे. पालकांनी कृपया थांबावे.