बायपासनंतरचा ताळेबंद

व्यापारी घरात कागद जपण्याची परंपरा मोठी आहे. आजोबांच्या काळातील खातेवही, दुकानाचे खरेदीखत, पन्नास वर्षांपूर्वीचा भागीदारीचा करार आजही कपाटातून बिनचूक निघतो. मात्र घरातील वडीलधाऱ्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली असेल आणि तिच्या तपशिलाचा कागद कोठे आहे असे कोणी विचारले, तर बहुतेक घरांत सर्वजण एकमेकांकडे पाहू लागतात. या कागदाचे मोल कळण्यासाठी आज एका तपासणीची ओळख करून घेऊ. तिचे नाव सीटी कोरोनरी अँजिओग्राफी.

बायपास झाली म्हणजे हृदयाचा प्रश्न कायमचा मिटला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बायपासमध्ये तुंबलेली धमनी दुरुस्त होत नाही. तिला वळसा घालून रक्तासाठी नवी वाट काढली जाते. ही वाट कधी पायातील शिरेची असते, तर कधी छातीच्या आतील डाव्या बाजूच्या धमनीची. दोहोंचे आयुष्य सारखे नसते. छातीतील धमनीची वाट दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत चालू राहते. पायातील शिरा मात्र धमनीतील रक्ताचा दाब सोसण्यासाठी घडलेली नसते. दहा वर्षांत अशा वाटांपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडतात किंवा अरुंद होतात. म्हणजे या मालमत्तेलाही घसारा असतो आणि तो दरवर्षी नकळत लागत असतो.

हृदयधमन्यांचे चित्र घेण्याची जुनी पद्धत तारेच्या अँजिओग्राफीची. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य अनवधानाने थेट हृदयधमनीत गेले, रुग्ण बचावला आणि त्यातून या तपासणीचा मार्ग खुला झाला. त्याच संस्थेत १९६७ मध्ये अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपासची पद्धत रुजविली. तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधासाठी त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदू स्थिर असतो, हृदय नसते. दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या आणि सतत हलणाऱ्या नळीचे स्पष्ट चित्र मिळावे कसे, ही अडचण अनेक वर्षे होती. एका फेरीत ६४ किंवा त्याहून अधिक काप घेणारी यंत्रे आली तेव्हा ती बरीचशी सुटली. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य दिले जाते, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावल्या जातात आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय क्षणभर विसावते तेवढ्यात यंत्र चित्र टिपते. रुग्णाने काही सेकंद श्वास रोखायचा, इतकेच. नाडी मिनिटाला साठच्या आसपास यावी म्हणून आधी औषध देतात आणि धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिलसारखे औषध कोणी घेत असेल, तर संकोच न बाळगता ते आधी सांगावे. दोन्ही औषधे एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.

तारेची अँजिओग्राफी प्रामुख्याने नळीच्या आतला प्रवाह दाखवते. सीटीमध्ये नळीची भिंतही दिसते, त्यामुळे वाट अजून अरुंद झालेली नसतानाही भिंतीत साचलेली चरबी आणि चुना नजरेस पडतो. याचा उपयोग किती, हे स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासाने दाखविले. छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटीही केली गेली. पाच वर्षांत हृदयरोगाने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण सीटी झालेल्यांत २.३ टक्के, तर इतरांत ३.९ टक्के आढळले. पाच वर्षांअखेर शस्त्रक्रिया आणि स्टेंट दोन्ही गटांत सारखेच होते. सीटीच्या गटात प्रतिबंधक औषधे अधिक रुग्णांना सुरू झाली होती, आणि फरक पडण्याचे मुख्य कारण तेच मानले जाते.

बायपास झालेल्यांच्या बाबतीत ही तपासणी कशी उपयोगी पडते, याचे परिचयातील एक उदाहरण सांगतो. एका आडत व्यापाऱ्यांचे वय ७१, बायपासला चौदा वर्षे झालेली. जिना चढताना दम लागू लागला. मधुमेह जुना, क्रिएटिनिन थोडे वाढलेले. डॉक्टरांनी आधी सीटी आणि नंतर तारेची अँजिओग्राफी सुचविली. मुलगा मला म्हणाला, “काका, दोन्ही तपासण्यांत ते द्रव्य द्यावे लागते. बाबांच्या मूत्रपिंडावर दुप्पट भार नाही का पडणार? सरळ एकच करावी ना?”

हिशेब वरवर बिनतोड होता, पण उत्तर उलट आहे. तारेच्या तपासणीत बायपासची प्रत्येक वाट महाधमनीवर कोठे जोडली आहे हे चाचपडत शोधावे लागते आणि प्रत्येक शोधाला द्रव्य खर्ची पडते. सीटीचा नकाशा हाती असेल तर शोधाशोध टळते. लंडनमध्ये ६८८ बायपास रुग्णांवर झालेल्या ‘बायपास-सीटीसीए’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी सीटी केलेल्यांत तारेच्या तपासणीचा वेळ सुमारे चाळीस मिनिटांवरून एकोणीस मिनिटांच्या आत आला आणि द्रव्यामुळे मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आत उतरले. बायपासच्या वाटा मूळ धमन्यांपेक्षा रुंद असतात आणि कमी हलतात, म्हणून सीटीमध्ये त्या विशेष स्पष्ट दिसतात. शेठजींच्या तीन वाटांपैकी छातीतील धमनीची आणि एका शिरेची वाट उत्तम चालू होती, तिसरी बंद होती. त्यामुळे पुढची तपासणी नेमक्या ठिकाणी आणि थोड्या वेळात उरकली.

आता मर्यादाही पाहू. धमनीत चुना फार असेल, लहान मापाचा स्टेंट असेल, शस्त्रक्रियेतील धातूच्या क्लिपा असतील किंवा नाडी अनियमित असेल, तर चित्र अस्पष्ट येते. शिवाय चित्रात अडथळा दिसला म्हणजे त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडतेच असे नाही. त्यासाठी कधी वेगळी तपासणी करावी लागते. काहीही तक्रार नसताना निव्वळ ‘पॅकेज’मध्ये स्वस्त मिळते म्हणून ही तपासणी करून घेऊ नये, कारण क्ष-किरण आणि द्रव्य या दोहोंची किंमत शरीर मोजते. आणि छातीत तीव्र कळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना सुरू झाल्यास सीटी केंद्राची वेळ न घेता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

तपासणीपूर्वी क्रिएटिनिनचा अहवाल, आयोडीनची अ‍ॅलर्जी आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मेटफॉर्मिन थांबवायचे का, हे त्यांनाच विचारावे. नंतर पुरेसे पाणी पिणे महत्त्वाचे असते. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी आणि उपवासाच्या दिवशी ही तपासणी ठेवू नये. आरोग्य विम्याबाबत एक सूचना: केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास सर्वसाधारणपणे दावा मंजूर होत नाही. मात्र त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावे लागले, तर आधीच्या ठरावीक दिवसांतील तपासण्यांचा खर्च मिळू शकतो. पावत्या जपाव्यात आणि पॉलिसीतील अटी वाचाव्यात.

शेवटी पुन्हा त्या कागदाकडे येतो. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदपत्रांत किती वाटा घातल्या, कोणती नळी कोठून घेतली आणि कोणत्या धमनीला जोडली, हे लिहिलेले असते. सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांना हा तपशील फार मोलाचा असतो. पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर छातीच्या हाडामागून जाणारी वाट कापली जाऊ नये यासाठीही तो लागतो. त्याची प्रत काढून विमा पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवा, छायाचित्र मुलगा, सून आणि मुलगी या सर्वांच्या मोबाइलमध्ये असू द्या. कागद सापडत नसेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज करा. जुन्या नोंदी कायम राहतातच असे नाही, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात करावा.