धुराचा दाखला

गेल्या २० मार्चला महाडहून परतताना मामाच्या ओम्नीत मागं बसलेली तिन्ही पोरं माणगाव सोडताच झोपली. पेणजवळ धाकटी ओकली. मोठा म्हणाला, डोकं फुटतंय. आम्ही शहाणे काय म्हणालो? ऊन लागलं. गर्दीत चेंगरली. तेलकट भजी खाल्ली. हायवेच्या कामाची धूळ नको म्हणून काचा बंद केलेल्या. पनवेलला चहाला थांबलो, दारं उघडली, अर्ध्या तासात पोरं परत माकडं झाली. आम्ही हसलो आणि घरी गेलो.

एप्रिलात गाडीची पीयूसी संपली. मामा पंपावरच्या मशीनवाल्याकडं गेला. त्यानं मागच्या नळीत सळई घातली, आकडा बघितला आणि मान हलवली. फेल. कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत पाहिजे, निघाला २.१. गाडी २००६ ची, म्हणजे बीएस-थ्री. तिला हायड्रोकार्बनची सूट ७५० पर्यंत, ते निघालं हजाराच्या वर. मामानं डोक्यावर हात मारला. मशीनवाला हळूच म्हणाला, काका, टेन्शन कशाला घेता, फीच्या चौपट द्या, दुसऱ्या गाडीच्या नळीत सळई घालतो, फोटो तुमच्या नंबराचा काढतो. पाच मिनिटांत दाखला.

मामा पैसे काढत होता. मी नको म्हणालो. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. गोदीत सात वर्षं पाठ घासतोय, खोटे कागद कसे हलतात ते रोज बघतो. पण माझ्या डोक्यात पेणजवळची ओकारी आली. गाडी घेऊन गॅरेजला गेलो.

गॅरेजवाल्याच्या हाताखालचं पोरगं, सतराएक वर्षांचं, रस्त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली सरकलं आणि खालून ओरडलं, उस्ताद, इसमें तो कुछ है ही नहीं.

खरंच काही नव्हतं. इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. तो म्हणजे लोखंडी डबा, आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम या महागड्या धातूंचा हात फिरवलेला. इंजिनात न जळालेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथं जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतं. तिथून पुढं पाइप, मग सायलेन्सर, मग शेपटी. मामाच्या डब्यातली वीट आधीच्या कुठल्या तरी हरामखोर मेस्त्रीनं 'ॲव्हरेज वाढेल काका' सांगून काढली होती. वीट त्यानं भंगारात विकली असणार. तिच्यातल्या धातूला भाव असतो. मामाला रिकामा डबा परत वेल्डिंग करून दिला, वर मजुरीही घेतली. पुढं सायलेन्सरकडं जाणारा पाइप गंजून त्याला अंगठा जाईल एवढं भोक. आणि त्या भोकाच्या बरोबर वर, मागच्या सीटखाली, गाडीचा पत्राच सडलेला.

आता समजलं? पोरं उन्हानं झोपली नव्हती. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि उठतच नाही, जमीनदारासारखा. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. काचा बंद, रस्ता लांब. पनवेलला चहा प्यायची इच्छा झाली नसती तर? चवदार तळ्यावरून येताना आमच्या घरातली तीन पोरं आम्हीच मारली असती आणि पोलिसांनी पंचनाम्यात अन्नातून विषबाधा लिहिली असती.

हे एवढं रामायण सांगायचं कारण, त्या आठवड्यात चाळीत आमच्याच एका कार्यकर्त्याशी माझं वाजलं. तो म्हणाला, हे धूर-बिर पर्यावरणवाल्यांचे चोचले. आधी माहुलच्या रिफायनरीच्या नळीत सळई घाला म्हणावं, मग गरिबाच्या ओम्नीत. खोटा दाखला घेणं म्हणजे व्यवस्थेला फसवणं, त्यात पाप कसलं?

त्याचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, ते आधी सांगून टाकतो.

पीयूसी म्हणजे प्रदूषण ताब्यात असल्याचा दाखला. प्रदूषण हा शब्द शाळेतला. माझ्या आजीला तो कळायचा नाही, तिला विटाळ कळायचा. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचा खेळ मांडून, मंत्र म्हणून तळं शुद्ध करून घेतलं. जनावरं पाणी पीत होती तोवर तळं चांगलं होतं, माणूस प्यायला तेव्हा बाटलं. कोण घाण करतो हे ठरवायचं मशीन या देशात हजारो वर्षांपासून एकाच जातीच्या हातात आहे आणि त्याची सळई कायम खालच्या दिशेनं. जातीचा दाखला आणा, उत्पन्नाचा आणा, पडताळणी करून आणा. आता धुराचा आणा.

आणि वरच्यांचं काय? २०१५ साली फोक्सवॅगन ही जर्मन कंपनी पकडली गेली. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत तिनं असं सॉफ्टवेअर घातलं होतं की गाडी तपासणीला उभी आहे हे तिला आपोआप कळायचं आणि तेवढ्यापुरती ती सोवळ्यात वागायची. रस्त्यावर आली की पुन्हा धूर. म्हणजे त्या पंपावरचा आमचा मशीनवाला जे चौपट फीत करतो, तेच, फक्त टाय लावून. भारतात ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीला परत बोलवायची पाळी आली. २०१९ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोकला. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सक्तीची कारवाई करू नका. मामाला मात्र दाखला नसला तर २०१९ च्या दुरुस्त कायद्यानं पहिल्याच खेपेला १० हजारांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. सक्ती करू नका असं त्याच्यासाठी कोण म्हणतंय?

दिल्लीचं बघा. १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर तेल बंद, असा हुकूम निघाला. बंगल्यांतल्या गाड्याही त्यात सापडल्या. काही दिवसांतच हुकूम गुंडाळून ठेवला. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा घातली तेव्हा कुठल्या टॅक्सीवाल्यासाठी हुकूम गुंडाळला? २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली. पेपरवाल्यांनी आठवणींचे रकाने भरले, चित्रकारांनी चित्रं काढली. चालकाच्या कर्जाचं चित्र कुणी काढलं नाही.

गोदीतलं माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. आपल्या पंपावरच्या पेट्रोल-डिझेलात १ एप्रिल २०२० पासून गंधक दहा लाखात १० भाग, त्याच्यावर नाही. जहाजाच्या तेलाला जगाचा नियम त्याच वर्षी १ जानेवारीपासून कडक झाला. कडक म्हणजे किती? अर्धा टक्का. दहा लाखात ५ हजार भाग. आपल्या पाचशेपट! आधी तर साडेतीन टक्के चालायचं. त्या धुराड्याखाली उभं राहून आम्ही माल उतरवतो. बाहेर ट्रेलरची रांग, इंजिनं चालू, ड्रायव्हर आत झोपलेला. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा. हा माझा दाखला. याच्यावर कुणाचा शिक्का नाही.

आणि ते मशीन तरी काय मोजतं? पेट्रोल गाडी असली तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल असली तर धुराचा काळेपणा. नायट्रोजनचे विषारी वायू मोजत नाही. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी बारीक धूळही मोजत नाही. म्हणजे परीक्षेत दोनच प्रश्न, आणि पेपर आधीच फुटलेला.

तर मित्राचं अर्धं म्हणणं हे असं, कबूल. राहिलेलं अर्धं मात्र मला घातकी वाटतं.

खोटा दाखला घेऊन आपण व्यवस्थेला फसवलं म्हणतो. कुणाला फसवलं? आरटीओच्या साहेबाच्या केबिनमध्ये एसी आहे. मंत्र्याच्या गाडीची काच वर. मामाच्या नळीचा धूर जातो कुठं? सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाईच्या तोंडात. पुलाखाली संसार मांडलेल्यांच्या भाकरीवर. झाडूवालीच्या नाकात, आणि मुंबईत झाडू कुणाच्या हातात आहे ते मी या पानावर सांगायची गरज नाही. गोणपाटावर उताणं पडून चालू इंजिनाखाली काम करणाऱ्या त्या पोराच्या छातीत. आणि आपल्याच मागच्या सीटवर. धूर जात विचारत नाही म्हणतात ते खोटं आहे. जो खाली आहे, उघड्यावर आहे, त्यालाच धूर आधी गाठतो. मग तो प्रश्न पर्यावरणवाल्यांना आंदण कशाला द्यायचा? पाणी आपलं होतं तशी हवा आपली आहे. तिच्यात आपणच घाण सोडायची आणि वर बंडखोरी म्हणायची, हे मला पटत नाही.

काम करून घेतलं, ते कसं तेही सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं अशा जुन्या गाड्या आहेत आणि गॅरेजवाले सोडत नाहीत.

आधी डब्याला हात लावायचा नाही. आधी इंजिन. प्लग, एअर फिल्टर, प्लगच्या वायरी. इंजिन नीट पेटत नसेल तर न जळालेलं पेट्रोल जाऊन नव्या कन्व्हर्टरमध्ये जळतं, वीट वितळते, पैसे पाण्यात. आमच्या गाडीचा एक प्लग मेलेला निघाला. मग गळती. इंजिनाजवळच्या जोडावरचं पॅकिंग जळालेलं असलं तर ऑक्सिजन सेन्सरला बाहेरची हवा लागते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडी आणखी पेट्रोल ओतते. शोरूममध्ये कन्व्हर्टरचा भाव विचारला तर मामाची दोन महिन्यांची कमाई. बाजारात स्वस्त डबे मिळतात, त्यांत धातूचा हात इतका पातळ की वर्षा-दोन वर्षांत थंड. आम्ही कुर्ल्याला सीएसटी रोडवर तीन दिवस फिरलो. अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा डबा मिळाला. टॉर्च मारून आतली वीट अख्खी आहे का बघितलं, हलवून बघितला, खडखड नाही. तो घेतला. सायलेन्सर आणि पाइप नवे, रबरं नवी. जुने नट इतके गंजलेले की गॅसनं कापावे लागले. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड केला. त्यावर मी हटून बसलो, कारण पीयूसीचं मशीन पत्रा बघत नाही.

आणखी एक. सायलेन्सर वरच्या पावसानं सडतो त्याहून जास्त आतून सडतो. पेट्रोल जळलं की पाणी होतं. गाडी दोन-दोन किलोमीटरच चालली तर नळी तापत नाही आणि पाणी आतच राहतं. सायलेन्सरला खाली बारीक भोक असतं ते त्याच्यासाठीच. मामानं ते एम-सील लावून बुजवलं होतं, गळतंय म्हणून. कन्व्हर्टरही तीनएकशे डिग्री तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून तपासणीला जाताना वीस मिनिटं गाडी पळवून जा, थंड गाडी दारातून काढून थेट मशीनला लावू नका.

खर्च मामाच्या दीड महिन्याच्या कमाईएवढा झाला. इथं सरकारला विचारायचा प्रश्न आहे. २०२१ साली गाडी मोडीत काढायचं धोरण आलं. जुनी मोडा, नवी घ्या, नवीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे ज्याच्या खिशात नवी गाडी आहे त्याला बक्षीस. जुनी नीट दुरुस्त करून धूर खाली आणणाऱ्याला? छदाम नाही. उलट कन्व्हर्टरवर, सायलेन्सरवर जीएसटी भरा. मामाच्या ओम्नीनं कुणाला दवाखान्यात नेलं नाही? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे गठ्ठे तिनंच वाहिले, मोर्च्याचे बोर्ड तिनंच. ती मोडून मामानं काय हप्त्यानं घ्यायचं, आणि कुठली बँक त्याला दारात उभं करणार?

माझी मागणी साधी आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, असल्या पोटाच्या गाड्या, यांना कन्व्हर्टर आणि सायलेन्सर सरकारनं अर्ध्या किमतीत द्यावेत. ट्रेलरची इंजिनं रांगेत बंद ठेवायचा नियम गोदीच्या गेटवर लावावा आणि पाळून घ्यावा. रिफायनरीच्या धुराड्याचे आकडे वस्तीच्या नाक्यावर मोठ्या बोर्डावर रोज लागावेत, मराठीत. आणि आपल्या शाखांनी आपापल्या वस्तीतल्या गाड्यांखाली एकदा टॉर्च मारून बघावं. हे कुठल्या जीआरची वाट न बघता येत्या रविवारी होऊ शकतं.

मित्र म्हणतो, तू सुधारणावादी झालास. असेन. त्याच्या टेम्पोखाली मी वाकून बघितलं, पाइप भाकरीच्या पापुद्र्यासारखा झालाय. दोन शिव्या देऊन तो गॅरेजला गेला.

मामाची गाडी पास झाली. ०.२. मशीनवाल्यानं दोनदा सळई घातली, त्याचा विश्वास बसेना. बीएस-थ्रीला दाखला सहाच महिन्यांचा, म्हणजे दिवाळीच्या आसपास परत जायचं. वेल्डरचे सातशे रुपये अजून द्यायचे आहेत.