मानसशास्त्राचा पहिला धडा

कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची त्या शास्त्राशी पहिली भेट बहुधा व्याख्यांच्या उंबरठ्यावरच होते. अवधान म्हणजे काय, स्मरणाचे प्रकार किती, अध्ययनाच्या उपपत्ती कोणत्या, हे सारे तो वहीत उतरवून घेतो, परीक्षेपूर्वी घोकतो आणि परीक्षा संपताच विसरतो. ज्या शास्त्राने विस्मरणाचे नियम शोधले तेच शास्त्र अशा रीतीने शिकविले जावे, यातील विसंगती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

ती लक्षात यावी असा पुरावा या शास्त्राच्या आरंभकाळातच उपलब्ध आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतःवरच केलेले होते. तो अर्थशून्य अक्षरगटांच्या याद्या पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजी. तासाभरानंतर निम्म्याहून कमी, तर एका दिवसानंतर जेमतेम एकतृतीयांश श्रम वाचत असल्याचे त्याला आढळले. अर्थपूर्ण मजकूर मात्र पुष्कळ सहज पाठ होतो, हेही त्याने नोंदविले. तात्पर्य, अर्थ न उमगता पाठ केलेली व्याख्या आणि एबिंगहाऊसचे निरर्थक अक्षरगट यांची गत फारशी वेगळी नसते.

मग व्याख्येला अर्थ कोठून आणावयाचा? त्यासाठी प्रयोगशाळेची महागडी उपकरणेच हवीत असे नाही. पुण्यातील सर्वांत जुन्या वस्तीचे, कसबा पेठेचेच उदाहरण घ्यावे. येथील तांबट आळीत तांब्याची भांडी मठारण्याचा उद्योग पेशवाईपासून चालत आला आहे. आता कारागीर थोडे उरले असले, तरी हातोड्यांचा ठोका तेथे अजून ऐकू येतो. आळीत नव्याने शिरणाऱ्याच्या कानठळ्या बसतात. पण शेजारच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलाला तो आवाज जाणवतही नाही. जाणवते ते ठोके अचानक थांबले म्हणजे. एकसारख्या उद्दीपकाला मन सरावते आणि बदलाकडे मात्र तत्काळ वळते, हा अवधानाचा मूलभूत नियम या मुलाच्या रोजच्या अनुभवातला आहे. त्या अनुभवाला शास्त्रीय नाव देणे एवढेच शिक्षकाचे काम उरते. आणि एकदा हे कळले, की तासभर एकाच सुरात वाचून दाखविलेले व्याख्यान विद्यार्थ्यांच्या कानांवरून का निघून जाते, याचाही उलगडा शिक्षकाला आपोआप होईल.

स्मरणाचेही तसेच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. कसबा पेठेलाही त्याचा तडाखा बसला. त्या वेळी शाळेत असलेली मंडळी आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो, असे त्यांतील अनेकजण सांगतील. परंतु ठळक आठवण आणि अचूक आठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान कोसळले, तेव्हा उल्रिक नाइसर व निकोल हार्श या संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. पुष्कळांची उत्तरे पहिल्या उत्तरांशी जुळेनात. तरीही आपल्याला सारे स्पष्ट आठवते, अशी त्यांची खात्री होती. स्मरण म्हणजे कपाटातून जशीच्या तशी काढलेली वस्तू नसून दर वेळी नव्याने केलेली मांडणी असते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते. विद्यार्थ्यांनी आपल्याच आळीतील दोन वृद्धांकडून पुराची हकिकत स्वतंत्रपणे ऐकावी आणि ती कोठे जुळते, कोठे जुळत नाही, हे टिपून ठेवावे. वडीलधाऱ्यांना खोटे ठरविण्यासाठी नव्हे, तर प्रामाणिक माणसाचीही स्मृती चुकू शकते हे उमजण्यासाठी. हा धडा घेतलेला तरुण उद्या न्यायालयात साक्षीदार म्हणून उभा राहिला किंवा कचेरीत एखाद्या तक्रारीची चौकशी करू लागला, तर अधिक सावध राहील.

येथवर प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा वाटेल. तथापि बुद्धीच्या प्रकरणापाशी तो न्यायाचा होतो. आल्फ्रेड बीने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना निराळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे, हा समज खुद्द बीनेला मान्य नव्हता. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी त्या कसोटीचे रूपांतर केले; ‘बीने-कामत कसोटी’ या नावाने ती देशभर परिचित आहे. पुण्यातच १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तीही मुलांच्या बुद्धीच्या विकासाचा विचार मनात धरून. म्हणजे कसोटीचा हेतू वाट दाखविण्याचा आहे, शिक्का मारण्याचा नव्हे, ही जाण मराठी मुलखाला परकी नाही.

असे असूनही वर्गातील एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसविले जाते. त्याला फळा नीट दिसत नसेल, घरी अभ्यासाला जागा नसेल किंवा शाळेची भाषा त्याच्या घरची नसेल, याची चौकशी होतेच असे नाही. विशेष हे, की त्याला ‘ढ’ ठरविणाऱ्या शिक्षकाने अध्यापक पदविकेच्या वेळी व्यक्तिभेदांवर सुबक टीप लिहून गुण मिळविलेले असतात. व्याख्या पाठ होती, पण ती मुलापर्यंत पोचली नाही. पाठांतराने होणारी खरी हानी हीच होय.

यावर असा आक्षेप येईल, की निरीक्षणावर भर दिला तर शास्त्राची शिस्त सुटेल आणि विद्यार्थी जो तो दुसऱ्याच्या मनाचे निदान करू लागेल. आक्षेपात तथ्य आहे. ‘न्यूनगंड’, ‘नैराश्य’ हे शब्द आजच बोलण्यात फार स्वस्त झाले आहेत. परंतु शब्द स्वस्त होतात ते त्यांच्यामागचे निरीक्षण आणि मर्यादा ठाऊक नसल्यामुळे. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, आपल्या समजुतीविरुद्धचा पुरावाही नोंदवावा लागतो आणि आजाराचे निदान हे तज्ज्ञाचेच काम आहे, ही शिस्त निरीक्षणाच्या वहीतूनच अंगी बाणते. मार्गदर्शकाच्या पुस्तिकेतून नव्हे.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी व्याख्यांचा भार थोडा हलका करून प्रत्येक सत्रात एक तरी निरीक्षण विद्यार्थ्याकडून करवून घ्यावे आणि प्रश्नपत्रिकेत ‘टीपा लिहा’ याच्या जोडीला एखादा प्रसंग देऊन त्याचे स्पष्टीकरण मागावे. याला फारसा खर्च येणार नाही. मानसशास्त्र घेतलेले बहुतेक विद्यार्थी मानसशास्त्रज्ञ होणार नाहीत; ते शिक्षक होतील, कारकून होतील, आईबाप होतील. खिडकीपलीकडे वैतागलेला माणूस स्वभावानेच भांडखोर आहे, की तीन तास रांगेत उभा राहून आला आहे, एवढा प्रश्न जरी त्यांच्यापैकी एखाद्याला वेळेवर सुचला, तरी या विषयाला दिलेली दोन वर्षे सार्थकी लागली असे म्हणता येईल.