लक्षद्वीपची बोट कुणासाठी?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले. निळ्या पाण्यात डोके बुडवून ते मासे पाहत असल्याची छायाचित्रे घरोघरच्या मोबाईलवर फिरली. त्यावर मालदीवच्या काही मंत्र्यांनी वाह्यात शेरे मारले आणि आपल्याकडे 'मालदीव नको, लक्षद्वीपला चला' अशी आरोळी उठली. आरोळी ठोकणाऱ्यांपैकी खरोखर किती जण गेले, हा भाग वेगळा. पण 'आपण कधी जायचे?' असा प्रश्न चाळीतल्या आणि वसाहतीतल्या मुलांनीही आईबापांना विचारला असणारच. तो हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे प्रवास म्हणजे गाव, लग्नकार्य, आजारपण नाहीतर मयत. नुसते बघण्यासाठी, मुलाबाळांना घेऊन चार दिवस बाहेर पडायचे ही साहेब लोकांची चैन, असे आपणच ठरवून टाकले आहे. वर्षभर गोदीत, कारखान्यात, नगरपालिकेत हाडे झिजवणाऱ्या माणसाला आणि घरी-बाहेर त्याच्या दुप्पट राबणाऱ्या त्याच्या बाईला चार दिवस समुद्राकडे बघत बसावेसे वाटले, तर त्यात चैन कसली? तेव्हा कुटुंबाने जावे की नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे. इतक्या लहान आणि दूरच्या बेटांवर पर्यटन वाढवायचे ते कुणाच्या सोयीने? हा प्रश्न बोटीतल्या एका जागेपासून सुरू होतो.

आधी ठिकाण समजून घेऊ. 'मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस' ही पाटी मनमाड, नाशिकरोड, कल्याण, पनवेलच्या फलाटावर आपण कितीदा वाचतो! ती गाडी अर्थातच लक्षद्वीपला जात नाही, एर्नाकुळमला थांबते. पुढे कोचीच्या बंदरातून बोट. बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेली आहेत आणि बोटीला साधारण १४ ते २० तास लागतात. बेटे एकूण ३६, त्यांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तीन लक्षद्वीपे मावतील. एवढ्याशा जागेत २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६४,४७३ माणसे राहत होती. बित्रा या सर्वांत लहान वस्तीच्या बेटावर त्या वेळी अवघी २७१ माणसे होती.

ही माणसे बहुतेक सर्व मुस्लिम आणि जवळजवळ सर्व अनुसूचित जमातीची आहेत. अनुसूचित जमातीला धर्माची अट नसते, हे आपल्यातील काही जणांना नवे वाटेल. बोली मल्याळमची, फक्त मिनिकॉयला मालदीवशी नाते सांगणारी वेगळी भाषा. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. इथली जुनी रीत आईकडून वंश मोजण्याची आहे. घराण्याची मालमत्ता मुलीच्या बाजूने चालत आली, लग्नानंतर मुलगी आपल्या आईच्याच घरी राही आणि नवरा तिच्या घरी येई. काळाबरोबर यात बदल होत गेले, तरी बेटावरच्या बाईचे घरातले वजन बघण्यासारखे आहे.

कुटुंब घेऊन जाणाऱ्याला हे ठिकाण मानवेल अशी कारणे पुष्कळ आहेत. बहुतेक बेटांच्या एका बाजूला प्रवाळाची भिंत आणि तिच्या आत अडलेले उथळ, शांत पाणी असते. इंग्रजीत त्याला लगून म्हणतात. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुले सुरक्षित खेळू शकतात. काचेच्या तळाच्या होडीत बसले की पोहता न येणाऱ्या आजीलाही प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. दारूबंदीचा कायदा १९७९ पासून आहे. बंगारामसारख्या वस्ती नसलेल्या बेटाला तेवढी सूट मिळाली. सहलीच्या ठिकाणी संध्याकाळ झाली की बायकामुलींना खोलीत कोंडून घ्यावे लागते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या गोष्टीची किंमत कळेल.

आता बोटीकडे वळू. अगत्तीला १९८८ पासून विमानतळ आहे, पण धावपट्टी आखूड. लहान विमाने उतरतात, जागा मोजक्या आणि भाडे आपल्या आवाक्याबाहेरचे. म्हणून कामगार कुटुंबाला बोट हाच मार्ग. पण बेटावरच्या माणसालाही तोच मार्ग आहे, हे विसरून चालणार नाही. तांदूळ, भाजी, सिमेंट, दिवे चालवणाऱ्या जनित्रांचे डिझेल, सगळे समुद्रावरून येते. कॉलेजला गेलेला मुलगा बोटीने घरी येतो. अगदीच जिवावर बेतले तर हेलिकॉप्टर मिळते, पण डोळ्यांचे ऑपरेशन, कर्करोगाची तपासणी, बाळंतपणातली गुंतागुंत यासाठी कोची गाठायची तर तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागते.

'एम.व्ही. कवरत्ती' ही सर्वांत मोठी बोट ७०० प्रवाशांची. १९८२ साली प्रशासनाने पर्यटनासाठी एक संस्था काढली. तिने 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल वर्षानुवर्षे चालवली. दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचे, दुपारचे जेवण बेटावर आणि रात्री झोपायला परत बोटीवर. कल्पना चांगली होती. बेटावर हॉटेल बांधावे लागत नव्हते, पाण्यावर ताण येत नव्हता. पण याच बोटीने बेटकरीही बंक क्लासमधून ये-जा करीत. डिसेंबर २०२१ मध्ये सहाशेहून अधिक प्रवासी घेऊन चाललेल्या या बोटीच्या इंजिनखोलीत आग लागली. सुदैवाने सर्व बचावले. त्यानंतर एकामागून एक बोटी दुरुस्तीत अडकल्या आणि तिकीट मिळेना म्हणून बेटावरच्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले.

आम्ही हिशेबाच्या वहीत आयुष्य काढणारी माणसे. आम्हाला हा ताळेबंद असा दिसतो. चौघांचे कुटुंब गेले की चार जागा जाताना आणि चार येताना, म्हणजे आठ जागा. बोटी पुरेशा असतील तर ही बेटाची जमा. त्यातून नाविकाचा पगार निघतो, फेऱ्या वाढतात. बोटी अपुऱ्या असतील तर तीच आठ तिकिटे कुणाच्या तरी नावे पडतात, आणि ते कुणीतरी औषधपाण्याला निघालेले असू शकते. पर्यटनाची जाहिरात करणाऱ्यांनी पहिला पैसा बोटींवर खर्च करावा, जाहिरातीवर नंतर. बेटकऱ्यांच्या जागा आधी राखाव्यात, उरलेल्या पाहुण्यांना द्याव्यात. आपल्याला सहल वर्षभर पुढे ढकलता येते. रुग्णाला तारीख ढकलता येत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळसा थर तरंगत राहतो. विहिरीतून हलक्या हाताने उपसले तर तो टिकतो. पंप लावून ओढले की खारे पाणी वर येते. शिवाय संडासाच्या खड्ड्यांचे पाणीही त्याच थरात मुरते. २००५ साली कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होते आणि खोल समुद्रातून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून प्यायचे पाणी मिळवतात. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे कारखाने झाले. सरकारी शास्त्रज्ञांचे हे काम खरोखर कौतुकाचे आहे. पण हे पाणी बेटकऱ्याच्या हंड्यासाठी आहे. ते हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात जाऊ लागले, तर काय उपयोग?

आणि हॉटेले येऊ घातली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ताज हॉटेले चालवणाऱ्या कंपनीने सुहेली आणि कडमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची विश्रामस्थाने जाहीर केली. त्यातल्या काही खोल्या थेट लगूनच्या पाण्यावर. सुहेलीला कायम वस्ती नाही खरी, पण मासेमारीच्या हंगामात बेटकरी मच्छीमार तिथे मुक्काम करतात. त्याआधी २०२१ साली प्रशासनाने विकास प्राधिकरणाच्या नियमांचा एक मसुदा काढला होता, त्यात विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे मोठे अधिकार होते. ७ जून २०२१ रोजी बेटकऱ्यांनी आपापल्या घरी राहून बारा तासांचा उपवास करून त्याचा निषेध केला. ज्यांच्याकडे घराखालची वाळू आणि चार माड एवढीच इस्टेट, त्यांना जमीन जाण्याची भीती काय असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कंपनीला हॉटेल काढू देऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. पण बेटाची मुले तिथे फक्त बॅगा उचलणार आणि चादरी बदलणार असतील, तर त्याला बेटाचा विकास कसा म्हणायचा?

या बाबतीत ज्या मालदीवच्या नावाने शंख केला, त्याचाच अनुभव उपयोगी आहे. तिथे १९७२ पासून पर्यटन सुरू झाले ते निर्जन बेटांवरच्या महागड्या हॉटेलांचे. गावकऱ्यांच्या बेटावर पाहुण्याने मुक्काम करायचा नाही, असा कित्येक वर्षांचा दंडक होता. देशात डॉलर आले, पण गावातल्या चुलीपर्यंत थोडेच पोचले. २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढायला मोकळीक मिळाली. मग साध्या माणसांनी खोल्या बांधल्या, होड्या घेतल्या, खाणावळी काढल्या, आणि बेताच्या पगाराची कुटुंबेही तिथे जाऊ लागली. लक्षद्वीपमध्येही अगत्तीसारख्या बेटांवर घरगुती निवासाची सोय झाली आहे. आमचे मत याच बाजूने पडते. घरमालकिणीच्या हातचा मासा-भात, तिच्या पोराची होडी आणि रात्रीची पाठ टेकायची खोली, एवढे एका कुटुंबाला पुरते, आणि आपण दिलेला रुपया त्याच गल्लीत राहतो.

लगूनबद्दल थोडे सांगायलाच हवे. लक्षद्वीपचे मच्छीमार जाळे न टाकता एकेक ट्यूना गळाच्या काठीने ओढतात. त्यासाठी लागणारे जिवंत, बोटभर मासे ते लगूनमधून पकडतात. ते मासे प्रवाळाच्या आसऱ्याने वाढतात. हा प्रवाळ समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पांढरा पडला. त्यातून जो सावरला आहे त्यावर पाय देऊन फोटो काढणारा पाहुणा मच्छीमाराच्या ताटावरच पाय देतो. मुलांना आधी घरीच समजावून सांगावे. शंख आणि प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालून आणू नयेत. आणायचेच तर मासमीन आणावे, उकडून, धुरी देऊन वाळवलेला ट्यूना. सुक्या मासळीची चव असलेल्या घरात त्याचे स्वागत होईल.

ज्यांचा विचार पक्का होईल त्यांनी ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. पावसाळ्यात समुद्र उसळतो आणि फेऱ्या घटतात. १९६७ च्या नियमांप्रमाणे बेटावर जाण्यासाठी परवाना लागतो. ओळखपत्र, फोटो आणि बरेचदा पोलीस ठाण्याचा दाखलाही मागतात, म्हणून दोन महिने आधी कागदपत्रांना लागावे. महिला मंडळाच्या भिशीतून चार-पाच कुटुंबांनी वर्षभर पैसे बाजूला काढले तर ओझे हलके होते. बऱ्याच बेटांवर बोट लगूनच्या बाहेर थांबते आणि हलत्या समुद्रात लहान होडीत उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे. आणि घरगुती निवास ठरवताना मालकालाच विचारून घ्यावे, की सध्या बोटी किती चालू आहेत आणि तिकिटांची ओढाताण आहे का. आहे असे तो म्हणाला, तर रेल्वेचे आरक्षण पुढच्या हंगामाचे करावे.