सणाच्या सुट्टीची कजा

तरावीहची नमाज संपवून मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेव्हा एक जुना विद्यार्थी भेटला. बी.कॉम. झाला आणि आता मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, ‘‘सर, ईदला मालक दुकानावर बोलावतोय. कॅलेंडरमध्ये तर लाल तारीख आहे. जावंच लागतं का?’’ दिवाळीत हाच प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने विचारला होता. तो एका रुग्णालयात वॉर्डबॉय आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याची ड्युटी लागली होती आणि काकूंनी ताट झाकून ठेवले होते.

दोघांचा समज एकच होता. सरकारने सुट्टी जाहीर केली म्हणजे कुणालाही कामावर बोलावता येत नाही, असे त्यांना वाटत होते. आपल्यापैकी बहुतेकांना तसेच वाटते. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

राज्य सरकार दरवर्षी साधारण दोन डझन सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. ती निघते 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 25 खाली. चेक बाऊन्स झाल्याचे खटले चालतात तो हाच कायदा. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे, हे ठरवण्यासाठी त्यात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आली. मुदत आदल्या कामकाजाच्या दिवशी संपली असे धरावे, असे ते कलम सांगते. म्हणजे ही सुट्टी मुळात कागदाची आहे, माणसाची नाही. तिच्यामुळे बँका आणि सरकारी कार्यालये बंद राहतात, पण मोबाइलच्या दुकानातल्या पोराला तिच्यातून थेट हक्क मिळत नाही. दादरा आणि नगर हवेलीत 2 ऑगस्टची सुट्टी मिळावी म्हणून झालेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये हेच स्पष्ट केले. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत अधिकार नाही.

मग खासगी नोकराचा हक्क कुठे आहे? तो महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. या कायद्याने दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवायची मुभा दिली, पण कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्याही दिल्या. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. या यादीत ईद असेल तर ती हक्काची. नसेल तर कॅलेंडरची लाल तारीख दाखवून उपयोग नाही. कायदा आला तेव्हा तो दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपल्या बाजारपेठेतल्या दोन-चार नोकरांच्या दुकानांना ही आठ सुट्ट्यांची तरतूद तेव्हाही लागू नव्हती. तिथे मालकाची मर्जी आणि नोकराची भीड यावरच सगळे चालते.

शेजारच्या कर्नाटकात 1963 पासून राष्ट्रीय व सणाच्या सुट्ट्यांचा वेगळा कायदा आहे. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो 1958 पासून आहे. या कायद्यांत एक सरळ हिशेब आहे. सुट्टीच्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट मजुरी द्या, नाहीतर त्या दिवसाचा पगार देऊन बदल्यात दुसरी भरपगारी सुट्टी द्या. 1948 च्या कारखाने कायद्यातही साप्ताहिक सुट्टी बुडाली तर ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून देण्याची तरतूद होती. सणाच्या दिवशी कामावर बोलावताच येणार नाही, असे यातला कोणताही कायदा म्हणत नाही. घेतलेला दिवस परत करा, एवढेच म्हणतो.

मला रमजानच्या महिन्यात हे जास्त जवळचे वाटते. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडण्याची सवलत आहे, पण सुटलेल्या रोजांची संख्या नंतर पूर्ण करायची असते. त्याला ‘कजा’ म्हणतात. अडचण मान्य आहे, पण हिशेब बुडत नाही. शुक्रवारबद्दलही कुरआनची शिकवण अशीच व्यवहारी आहे. नमाजची हाक आली की खरेदी-विक्री थांबवा आणि नमाज झाली की पुन्हा आपापल्या रोजीच्या शोधात निघा. दिवसभर काम बंद ठेवा, असे तिथे सांगितलेले नाही. त्यामुळे ईदला कामावर जावे लागणे हे धर्मावरचे संकट नाही. गेलेल्या दिवसाची कजा कुणी देत नाही, हे मात्र अन्यायाचे आहे.

2025 ची रमजान ईद आठवा. ती सोमवारी, 31 मार्चला आली, म्हणजे नेमकी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका त्या दिवशी सुरू ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले. प्राप्तिकर कार्यालयेही उघडी ठेवण्याचे आदेश निघाले. हरियाणा सरकारने तर ईदची सार्वजनिक सुट्टी त्या वर्षापुरती ऐच्छिक केली. यावर वाद झाला तो धर्माच्या अंगाने. त्या दिवशी काउंटरवर बसलेल्या कारकुनाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, बदल्यात कोणता दिवस मिळाला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि सरकारने 29 ची सुट्टी जाहीर केली. पोलिसांवरचा ताण कमी झाला आणि कुणाचाही सण बुडाला नाही. सुट्टी पुढे-मागे सरकली तरी मान राखता येतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

आपल्या राज्यात सुट्टीचा इतिहासच असा सामायिक आहे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडले आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रविवार खंडोबाचा वार, हा त्यांचा एक मुद्दा होता. त्या सुट्टीचा लाभ मात्र गिरणीतल्या मोमीन विणकरालाही झाला आणि आज आपण सगळेच घेतो.

आता थोडे घरच्याबद्दल. चाँदरातीला आमच्या कापडबाजारात पहाटेपर्यंत दुकाने उघडी असतात. शिलाईच्या दुकानांत कारागीर रात्र-रात्र मशीनवर बसतात. मालक आमचेच आणि कारागीरही बरेचसे आमचेच. ईदच्या सकाळी ते नमाजच्या रांगेत डोळे चोळत उभे असतात. त्यांच्या जादा तासांचे पैसे किती जण देतात? आणि आमच्या दुकानातल्या हिंदू नोकराला दिवाळीची भरपगारी सुट्टी किती जण आपणहून देतात? दुसऱ्याकडे हक्क मागताना आपल्या गल्ल्यावरही नजर टाकायला हवी. ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्या पोरांना तर सुट्टी नाकारायला मालकही दिसत नाही. सणाला घरी थांबले की त्या दिवसाची कमाई गेली.

दवाखाना, वीज, पाणी, एसटी, पोलीस ही कामे थांबणार नाहीत आणि थांबूही नयेत. तिथे माणसांनीच वाट काढली आहे. ईदला हिंदू सहकारी ड्युटी घेतो आणि दिवाळीला मुसलमान. आपल्या एसटी आगारात विचारा, हे वर्षानुवर्षे चालू आहे. फक्त ही गोष्ट मैत्रीवर न सोडता ड्युटीच्या तक्त्यात लिहिली गेली पाहिजे. ज्याची कुणाशी मैत्री नाही, त्यालाही सण असतो.

म्हणून नोकरी करणाऱ्यांना एक सांगणे. चार सुट्ट्यांची बोलणी डिसेंबरात करा, चाँदरातीला नको. यादीत ‘रमजान ईद, चंद्रदर्शनानुसार’ असे लिहून घ्या, म्हणजे चाँद एक दिवस मागे-पुढे झाला तरी वाद होणार नाही. कामावर यावेच लागले तर बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी लिहून मागा.

त्या विद्यार्थ्यालाही हेच सांगितले. त्याच्या दुकानात पाचच नोकर, त्यामुळे कायद्याचे बोट धरता येत नव्हते. तो मालकाशी बोलला. ईदला दुपारी दोननंतर दुकानावर यायचे आणि पुढच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस भरपगारी सुट्टी, असे ठरले. त्याने स्वतःहून एक गोष्ट जोडली : लक्ष्मीपूजनाला दुकानातले बाकीचे घरी जातील, तेव्हा गल्ल्यावर तो बसेल. मालकाने ते वहीत लिहून घेतले.