‘टी’ बटण कधी दाबलंय का?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आपले पालक रोज यंत्रांची सुरक्षा तपासतात. पण भाड्याच्या खोलीत किंवा शाळेत आरसीसीबीचं ‘टी’ बटण कुणी दाबतं का? एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो; शॉकपासून माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती होताच 0.3 सेकंदांच्या आत पडायला हवा. बटण दाबूनही पडला नाही, तर लगेच इलेक्ट्रिशियन बोलवा. पडला तरी अर्थिंग वेगळं तपासून घ्याच. ते या बटणानं कळत नाही.

माझं मत सरळ आहे : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेत शिक्षकांनी बटण दाबावं, मुलांनी वहीत तारीख लिहावी. मग मुलंच घरी विचारतील, “आई, आपल्याकडे हे बटण आहे का गं?”